वाचकांचे प्रश्न : पिल्लांपाशी कुणी थांबायचं, कुणी निघायचं?

नर आणि मादी यांच्यापैकी पिल्लांवर कोण किती खर्च करतं आणि तसं का घडतं, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली होती, तिथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘पालकांची गुंतवणूक’ म्हणजे नेमकं काय मोजायचं? घास मोजायचे, तास मोजायचे की उष्मांक?

घास, तास, उष्मांक ही सगळी खर्चाची मापं झाली. गुंतवणूक त्यापुढची गोष्ट आहे. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ साली ही संकल्पना मांडली, तेव्हा व्याख्या काटेकोर ठेवली होती : एका पिल्लाची जगण्याची शक्यता वाढवणारी, पण त्यापायी आपल्याच इतर पिल्लांवर खर्च करण्याची पालकाची क्षमता कमी करणारी कोणतीही गोष्ट. या व्याख्येचा उत्तरार्ध महत्त्वाचा, आणि नेमका तोच विसरला जातो.

समजा, दोन नर आपापल्या घरट्यावर तासभर पहारा देत आहेत. पहिल्याच्या आसपास विणीला तयार असलेली एकही मादी नाही, त्यामुळे त्या तासात त्याने काही गमावलं नाही. दुसऱ्याच्या परिसरात अशा चार माद्या आहेत. तास तोच, पण दुसऱ्याची गुंतवणूक मोठी. आणखी एक भेद लक्षात ठेवावा. पहारा दहा अंड्यांवर असो की शंभर, कष्ट जवळपास तेवढेच. घास मात्र एका चोचीत गेला की दुसरीला मिळत नाही. म्हणून पालन (पालक काय करतो), खर्च (त्याला किती वेळ आणि ऊर्जा लागते) आणि गुंतवणूक (त्यापायी पुढची किती पिल्लं गमावली) हे तीन शब्द वेगळे ठेवा. या विषयावरचे निम्मे वाद त्यांची सरमिसळ झाल्याने होतात.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात एवढंच आहे, की अंडपेशी मोठी आणि महाग, शुक्रपेशी लहान आणि स्वस्त, म्हणून मादी पिल्लांची काळजी घेते. हे स्पष्टीकरण पुरेसं आहे का?

नाही. सुरुवात बरोबर आहे, पण ‘म्हणून’ हा शब्द घाईचा आहे.

आधी बरोबर काय ते पाहू. माणसाची अंडपेशी सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाची असते. शुक्रपेशी सुमारे ०.०५ मिलिमीटर लांब, आणि त्यातली बहुतेक लांबी शेपटीची. पेशींच्या आकारातला हा फरक कसा निर्माण झाला असावा, याचं गणित पार्कर, बेकर आणि स्मिथ यांनी १९७२ मध्ये मांडलं. सगळी युग्मकं (मीलनात एकत्र येणाऱ्या पेशी, जसं अंडपेशी आणि शुक्रपेशी) एकाच आकाराची असली तर दोन मार्गांना फायदा होतो : साठा भरून मोठं व्हायचं, किंवा लहान होऊन संख्या वाढवायची. मधल्या आकाराला यांपैकी कुठलाच लाभ पुरेसा मिळत नाही आणि तो मागे पडतो. नर म्हणजे लहान युग्मक बनवणारा आणि मादी म्हणजे मोठं बनवणारी, ही जीवशास्त्रातली व्याख्या इथूनच येते.

आता घाई कुठे झाली ते पाहू. मादीने अंड्यात जास्त घातलं आहे, तिचं जास्त नुकसान होईल, म्हणून ती थांबते, असा हा युक्तिवाद आहे. पण घालून झालेलं परत येत नाही. नैसर्गिक निवडीला मागचा खर्च दिसत नाही, पुढे काय मिळणार तेवढंच दिसतं. ट्रिव्हर्स यांच्या मांडणीतली ही चूक डॉकिन्स आणि कार्लाइल यांनी १९७६ मध्ये दाखवली आणि तिला कॉन्कॉर्ड विमानाचं नाव मिळालं : प्रकल्प तोट्यात जाणार हे दिसत असूनही ‘आधीच इतका पैसा घातला’ म्हणून आणखी घालत राहणं. मागचा खर्च मोजायचा तो पुढचं काही बदलत असेल तरच. मादी अंडी घालून थकली आणि नव्या अंड्यांना तिला तीन आठवडे लागणार, तर ती पुढची बाब आहे. पिल्लं मोठी होतात तसे पालक त्यांचं रक्षण अधिक जोरात करतात, हेही पाहण्यात येतं. त्याचं कारण आजवरचे कष्ट नसून मोठं झालेलं पिल्लू जगण्याची शक्यता वाढलेली असते, हे आहे.

किवी पक्ष्याकडे पाहा. मादीचं अंडं तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत भरतं. खर्चावरूनच ठरायचं असतं तर तिने ते सोडायला नको होतं. पण तपकिरी किवीत अंडं उबवतो नर, तेही सुमारे अडीच महिने.

मग ठरतं कशावरून? जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७७ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने हिशेब करू. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत. दोन्ही पालक थांबले तर घरट्यातली ६ पिल्लं जगतात, एकच थांबला तर ४, कुणीच नाही तर एकही नाही. सोडून गेलेल्याला त्याच हंगामात नवा जोडीदार मिळण्याची शक्यता नराला ०.६ आणि मादीला ०.३ आहे. नव्या घरट्यातही एकच पालक राबेल, म्हणजे तिथे ४ पिल्लं.

नराने थांबावं तर ६. निघावं तर इथली ४ आणि पुढची ०.६ × ४ = २.४, एकूण ६.४. तो निघतो. मादीने निघावं तर ४ + १.२ = ५.२, म्हणजे ६ पेक्षा कमी. ती थांबते. नर गेल्यावर तिने थांबलं तर ४, सोडलं तर १.२. ती तरीही थांबते. आता अंड्याचा आकार तोच ठेवून फक्त शक्यतांची अदलाबदल करा : नराला ०.३, मादीला ०.६. मादी निघून जाते आणि नर एकटा उबवत बसतो. कमळपक्ष्यांत असंच चालतं. मादी एकापाठोपाठ एक अशा अनेक नरांसाठी अंडी घालते, आणि उबवण्यापासून पिल्लांमागे फिरण्यापर्यंतचं काम नर करतो. तिसरा पर्याय म्हणजे एकट्या पालकाला ४ ऐवजी २ च पिल्लं जगवता येतात असं धरणं. मग निघणाऱ्या नराला २ + १.२ = ३.२ मिळतात, थांबणाऱ्याला ६. दोघंही थांबतात. उघड्या अंगाने, आंधळी जन्मणारी आणि दर काही मिनिटांनी चोच वासणारी पिल्लं असलेल्या पक्ष्यांत दोघांचं पालन सर्रास आढळतं, त्याचं कारण या तिसऱ्या हिशेबात आहे.

या हिशेबात एक खाच आहे आणि ती बऱ्याच पुस्तकांतून निसटते. नराला ०.६ हा आकडा आपण वरून दिला. पण सगळेच नर निघाले तर त्यांना नव्या माद्या मिळणार कुठून? माद्या तर घरट्यांवर बसल्या आहेत. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एकच बाप असतो. १०० नर, १०० माद्या आणि हंगामात ४०० पिल्लं असतील, तर नराची सरासरी ४ आणि मादीचीही ४. ‘नर हजारो पिल्लांचा बाप होऊ शकतो’ हे वाक्य एखाद्या नराबद्दल खरं असेल, सरासरी नराबद्दल ते कधीच खरं नसतं. जितके जास्त नर सोडून जातात, तितकी बाहेर गर्दी वाढते आणि सोडून जाण्याचा लाभ घटतो. हान्ना कोक्को आणि मायकल जेनियन्स यांनी २००८ मध्ये हे सविस्तर मांडलं : बाहेरच्या गर्दीमुळे नरांना उलट घरट्याकडे ढकललं जातं. तरीही नर कमी थांबतात, ते प्रामुख्याने दोन कारणांनी. एक, घरट्यातली सगळी पिल्लं त्यांची असतीलच असं नाही. दुसरं, मीलनाच्या चढाओढीत सगळे नर सारखे यशस्वी होत नाहीत. जे यशस्वी होतात त्यांना सरासरीपेक्षा जास्त मिळतं, आणि पिल्लं सोडून जायचं की नाही हा प्रश्न मुळात त्याच नरांपुढे येतो.

हा हिशेब जंगलात दिसतो का? लायकर, फ्रेकल्टन आणि सेकेली यांनी २०१३ मध्ये पाणथळीतल्या किनारी पक्ष्यांच्या जातींची तुलना केली. जिथे प्रौढांत नर जास्त, तिथे नर पिल्लं सांभाळतात आणि माद्या चढाओढ करतात. लोंबती घरटी विणणाऱ्या पेंडुलाइन टिट या चिमुकल्या पक्ष्यात तर ही रस्सीखेच उघड चालते. कधी मादी थांबते, कधी नर, आणि सुमारे ३० ते ४० टक्के घरटी दोघंही अंड्यांसकट सोडून देतात. अंडी पूर्ण झाली हे नराला कळण्याआधी निघता यावं, म्हणून मादी ती घरट्याच्या तळाशी अस्तरात पुरून ठेवते.

प्रश्न : माशांत बाप अंडी राखतो, सस्तन प्राण्यांत आई. एकाच सिद्धान्तातून दोन्ही कसं निघतं?

बहुतेक मासे अंडी सोडून निघून जातात. जे पालन करतात, त्यांच्यात एकट्या नराने करण्याचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. एक जुनं स्पष्टीकरण असं होतं, की शरीराबाहेर फलन होताना मादी आधी अंडी सोडते आणि नर नंतर, म्हणून मागे राहिलेल्याच्या गळ्यात काम पडतं. पण दोघं एकाच क्षणी सोडतात अशा जातींतही राखणदार बहुधा नरच असतो. त्यामुळे हे स्पष्टीकरण मागे पडलं.

आज पटणारं उत्तर जागेशी जोडलेलं आहे. काटेरी पाठीचा स्टिकलबॅक मासा घ्या. नर आपली हद्द राखतो आणि वनस्पतींच्या तंतूंचं घरटं करतो. त्यात एकामागून एक माद्या अंडी घालून जातात. तो परांनी पाणी ढवळून अंड्यांना प्राणवायू पोचवतो. ही राखण करताना नव्या मादीशी वीण थांबत नाही. उलट, आधीच अंडी असलेलं घरटं माद्यांना अधिक पसंत पडतं. म्हणजे नराच्या दृष्टीने पालनाची किंमत जवळजवळ शून्य, कधी तर नफाच. मादीचा हिशेब उलटा आहे. मासा मोठा होत जातो तशी अंड्यांची संख्या झपाट्याने वाढते. अंड्यांपाशी उपाशी थांबून तिची वाढ खुंटली, तर पुढच्या हंगामात ती पुष्कळ अंडी गमावते.

सस्तन प्राण्यांत फलन, गर्भ आणि दूध हे सगळं मादीच्या शरीरात. पिल्लू जन्मतं तेव्हा नर तिथे असेलच असं नाही, आणि असला तरी सुरुवातीच्या दिवसांत मुख्य अन्न त्याच्याकडे नसतं. म्हणून प्रत्यक्ष पालन करणारे नर सस्तन प्राण्यांच्या मोजक्याच जातींत आढळतात, शंभरात दहांहून कमी. त्यांतल्या काहींचं काम मात्र थक्क करणारं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या टिटी आणि आउल या माकडांत पिल्लू दिवसाचा बहुतेक वेळ बापाच्या अंगावर असतं आणि दूध पिण्यापुरतं आईकडे जातं.

प्रश्न : नराला दूध का येत नाही? आलं असतं तर दोघांचीच सोय झाली असती.

शरीररचनेचा अडसर वाटतो तितका पक्का नाही. कबुतरांत नर आणि मादी दोघंही अन्नपिशवीच्या अस्तरातून दाट, पौष्टिक स्राव काढून पिल्लांना भरवतात, आणि दोघांतही ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या जोरावर होतं. मलेशियातल्या डायाक फळवटवाघळाच्या नरांत थोडं दूध सापडल्याची नोंद १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पण नराच्या दुधाचा उपयोग होण्यासाठी तो पिल्लू जन्मण्याच्या वेळी हजर हवा, पिल्लू त्याचंच असण्याची खात्री मोठी हवी आणि आईचं दूध कमी पडत असायला हवं. तिन्ही अटी एकत्र जुळणं दुर्मीळ आहे.

प्रश्न : ‘बापाला खात्री नसते म्हणून तो पालन करत नाही’ हे बरोबर आहे ना?

अर्धं बरोबर आहे. नराचा घरट्यातल्या पिल्लांत सरासरी ७० टक्के वाटा आहे असं धरा. थांबून जगवलेल्या पिल्लांपैकी ७० टक्के त्याची. पण सोडून जाऊन दुसरीकडे वीण केली, तर तिथेही वाटा ७० टक्केच. दोन्ही बाजूंना ०.७ ने गुणलं की तो आकडा कटतो आणि निर्णय बदलत नाही. म्हणून कमी खात्री एवढं एकच कारण पुरत नाही. फरक पडतो तो दोन वेळा. या घरट्यातला वाटा त्याच्या नेहमीच्या वाट्यापेक्षा कमी असेल तेव्हा. आणि, डेव्हिड क्वेलर यांनी १९९७ मध्ये दाखवल्याप्रमाणे, त्याच्या घरट्यातले ३० टक्के कुणीतरी बाहेर हिंडणारा नर कमावत असतो तेव्हा, कारण घरट्यावर बसून ते बाहेरचे ३० टक्के मिळत नाहीत.

पहिल्या शक्यतेचा चांगला पुरावा ब्ल्यूगिल सनफिश या माशाचा. त्यात काही नर घरटं करतात आणि काही चोरून वीण साधतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्रायन नेफ यांनी वीण चालू असताना घरट्याजवळ पारदर्शक भांड्यांत असे चोरटे नर ठेवले. खरं पितृत्व बदललं नव्हतं, तरी घरमालक नरांनी अंड्यांची राखण कमी केली. पिल्लं बाहेर आल्यावर त्यांच्या वासावरून ती आपलीच असल्याचं कळलं आणि राखण पुन्हा वाढली. डनॉक या चिमणीएवढ्या पक्ष्यात दोन नर एका मादीशी जोडलेले असतात तेव्हा, अंडी घालण्याच्या काळात कुणाला तिचा किती सहवास मिळाला, त्या प्रमाणात ते पिल्लांना भरवतात. आपलं पिल्लू नेमकं कोणतं हे त्यांना ओळखता येत नाही. जायंट वॉटर बग नावाच्या पाणकीटकांत मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते. रॉबर्ट स्मिथ यांच्या १९७९ च्या नोंदींनुसार नर प्रत्येक वेळी थोडी अंडी घेऊन मादीला थांबवतो, पुन्हा मीलन करतो आणि मगच पुढची अंडी घेतो. त्यामुळे पाठीवरची जवळपास सगळी अंडी त्याचीच असतात.

माणसांत मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. नामिबियातल्या हिंबा समाजात एका अभ्यासात (२०२०) ४८ टक्के मुलांचा जैविक बाप आईचा नवरा नव्हता. पुरुषांना ते बहुतेक वेळा माहीतही होतं, तरी नवराच त्या मुलांचा सामाजिक बाप असतो.

प्रश्न : बेटमन यांचा माशांवरचा प्रयोग खोटा ठरला असं वाचलं. मग वर्गात काय शिकवायचं?

या माशा म्हणजे फळमाशा, ड्रोसोफिला. अँगस बेटमन यांनी १९४८ मध्ये काही नर आणि काही माद्या एकत्र ठेवल्या आणि जोडीदार वाढले की पिल्लं वाढतात का, ते पाहिलं. निष्कर्ष असा, की नरात वाढतात आणि मादीत पहिल्या मीलनानंतर फारशी नाहीत. डीएनए चाचणी तेव्हा नव्हती. प्रत्येक माशीला डोळ्यांना दिसणारं वेगळं उत्परिवर्तन (जनुकातला बदल) होतं, आणि पिल्लाच्या अंगावर कोणती खूण आली यावरून आईबाप ठरवले.

अडचण इथेच आहे. प्रत्येक पालक आपली खूण निम्म्या पिल्लांना देतो. म्हणजे पाव पिल्लांत दोन्ही खुणा, पाव पिल्लांत फक्त आईची, पाव पिल्लांत फक्त बापाची आणि पाव पिल्लांत एकही नाही. दोन्ही पालक ओळखता येतात ते फक्त पहिल्या पावात. पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दोन खुणांची पिल्लं अपेक्षेपेक्षा कमी निघाली. त्यांच्या मते दोन दोष एकत्र आल्याने ती मोठी होण्याआधीच मरत होती. शिवाय बेटमन यांच्या आकड्यांत बापांच्या नावावरची पिल्लं आयांच्या नावावरच्या पिल्लांपेक्षा जास्त होती. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप असताना हे शक्यच नाही. नुसती बेरीज करून पाहिली असती तरी गडबड लक्षात आली असती.

त्यामुळे मूळ प्रयोग पुरावा म्हणून शिकवू नये, पद्धत कुठे चुकते याचं उदाहरण म्हणून जरूर शिकवावा. कल्पना मात्र त्या एका प्रयोगावर उभी नाही. यानिके आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ६६ जातींवरचे अभ्यास एकत्र तपासले. जोडीदारांच्या संख्येचा लाभ सरासरीने नरांना जास्त होतो असं त्यात दिसलं. ‘सरासरीने’ हा शब्द फळ्यावर लिहावा.

प्रश्न : महाविद्यालयीन प्रकल्पासाठी पक्ष्यांच्या घरट्यावर नर-मादीची गुंतवणूक मोजायची आहे. कशी मोजू?

गुंतवणूक नाही मोजता येणार, पालन मोजता येईल. अहवालाचं शीर्षक तसंच ठेवा.

नर-मादी दुरून ओळखता येतात अशी जात निवडा. चिमणी उत्तम : नराच्या गळ्यावर काळा डाग असतो, मादीच्या नाही. अंडी ११-१२ दिवसांत उबतात आणि पिल्लं साधारण दोन आठवड्यांनी उडतात. पिल्लांचं वय माहीत असलेली किमान १० घरटी हवीत. एकाच घरट्यावर ३० तास बसण्यापेक्षा दहा घरट्यांवर तीन-तीन तास बसणं कितीतरी बरं, कारण तुलनेचं एकक घरटं आहे, तास नाही. एका घरट्याचे तीस तास तीस स्वतंत्र नोंदी समजून टक्केवारी काढणं ही अशा प्रकल्पांतली सर्वांत नेहमीची चूक आहे.

सगळ्या घरट्यांवर पिल्लांचं वय सारखं ठेवा, उदाहरणार्थ ९ वा किंवा १० वा दिवस. तासाभराच्या तीन बैठका करा, रोज एकाच वेळी. पाऊस असेल तर नोंद बाद. दुर्बिणीने इतक्या अंतरावरून पाहा, की पालक न थबकता थेट घरट्यात जातील. ते चोचीत घास घेऊन फांदीवर खोळंबत असतील, तर तुम्ही जवळ आहात आणि तुमचे आकडे तुमच्याबद्दल सांगत आहेत. बसल्यावर पहिली १५ मिनिटं सोडा, तास त्यानंतर मोजा. पिल्लं उडण्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत घरट्याजवळ जाऊच नका, घाबरून ती वेळेआधी बाहेर पडतात. पक्षी हाताळणं, ओळखीसाठी पायात कडी घालणं किंवा पालकाला हटवणं यासाठी परवानगी आणि प्रशिक्षण लागतं. ते तुमच्या प्रकल्पात नको.

प्रत्येक फेरीला वेळ, नर की मादी आणि घासाचा आकार चोचीच्या तुलनेत (अर्धा, तेवढाच, दुप्पट) लिहा. मग प्रति तास, प्रति पिल्लू फेऱ्या काढा. ४ पिल्लं, ३ तास, नराच्या २१ फेऱ्या, मादीच्या ३३ : नर २१ ÷ १२ = १.७५, मादी २.७५. घासाचा आकार वगळला तर निकाल उलटा येऊ शकतो, कारण कमी फेऱ्या करणारा मोठे किडे आणत असेल.

अहवालात हेही लिहा, की अंडी बनवणं, उबवणं आणि रात्री पिल्लांवर बसणं हे तुमच्या दिवसाच्या नोंदीत आलेलंच नाही. आणि ‘जास्त भरवणाऱ्या नराची जास्त पिल्लं जगली, म्हणजे नरामुळे जगली’ असा निष्कर्ष काढू नका. चांगल्या जागेत नरही जोमदार असतो आणि पिल्लंही. कारण ठरवायला पालक हटवून पाहावं लागतं. कॅलिफोर्निया उंदरावर असे प्रयोग झाले आहेत. नर काढून घेतल्यावर रानात पिल्लं जगण्याचं प्रमाण घटलं. प्रयोगशाळेत मात्र ऊब आणि भरपूर अन्न असेल तेव्हा फरक दिसेना, थंडी किंवा अन्नासाठी मेहनत आली की दिसू लागला.

प्रश्न : मग माणसात मुलं सांभाळणं निसर्गाने बाईवर सोपवलं आहे, हे शास्त्राने सिद्ध झालं का?

नाही, आणि हे ठामपणे सांगायला हवं. गर्भारपण आणि अंगावरचं दूध यांचा भार स्त्रीच्या शरीरावर आहे, तो मोठा आहे. अन्न आणि आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अंदाजानुसार गर्भारपणासाठी एकूण सुमारे ७७,००० किलोकॅलरी जास्त लागतात, आणि पहिल्या सहा महिन्यांच्या स्तनपानासाठी रोज सुमारे ५००, म्हणजे सहा महिन्यांचे ९०,०००. पण इथवरच. न्हाऊ घालणं, उचलून फिरणं, भरवणं, निजवणं यांपैकी कशालाही गर्भाशय लागत नाही.

माणसाचं मूल फार काळ परावलंबी असतं, आणि तरीही शिकार-संकलन करणाऱ्या समाजांत दोन मुलांमधलं अंतर साधारण ३ ते ४ वर्षं असतं. चिंपांझीत ते ५ ते ६ वर्षं. म्हणजे पहिलं मूल हाताशी येण्याआधी दुसरं होतं. एकट्या आईला हे झेपणारं नाही. सारा हर्डी यांनी सातत्याने मांडलं आहे, की आपली जात अनेकांच्या मदतीने मुलं वाढवणारी आहे. मदत कुणाची, हे मात्र समाजागणिक बदलतं. रिबेका सियर आणि रूथ मेस यांनी २००८ मध्ये अनेक पारंपरिक समाजांतल्या नोंदी एकत्र पाहिल्या. आई गेली की लहान मुलांचं जगणं सगळीकडेच अवघड होतं. बाप गेल्याचा परिणाम काही ठिकाणी मोठा होता, काही ठिकाणी दिसलाच नाही, कारण जागा इतरांनी भरली. आईच्या आईचा उपयोग बऱ्याच ठिकाणी स्पष्ट होता.

पुरुषाचं शरीरही बदलतं. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे २००५ ते २००९ या काळात ६२४ तरुणांचा पाठपुरावा झाला. जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन ठळकपणे उतरलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त मुलांची काळजी घेणाऱ्यांत ते सर्वांत कमी होतं. मध्य आफ्रिकेतल्या आका समाजात बॅरी ह्यूलेट यांनी नोंदवलं, की बाप दिवसाचा सुमारे ४७ टक्के वेळ तान्ह्या मुलाला कवेत किंवा हाताच्या अंतरावर ठेवतात. आका बापांची जनुकं काही वेगळी नाहीत. तिथे नवरा-बायको जाळी लावून एकत्र शिकार करतात, दिवसभर सोबत असतात. जे हाताशी असतं त्याची काळजी घेतली जाते.

वरच्या हिशेबात ०.६ आणि ०.३ हे आकडे बदलले की उत्तर बदलतं. माणसात ते आकडे कामाची जागा, नातेवाइकांचं अंतर आणि रजेचे नियम यांनीही बदलतात. एखादी गोष्ट कशी उत्क्रांत झाली हे सांगणं वेगळं, ती तशीच असावी हे म्हणणं वेगळं. दुसरं वाक्य पहिल्यातून निघत नाही.

प्रश्न : एकाच जातीत नर-मादीच्या भूमिका परिस्थितीनुसार उलटतात का?

उलटतात, आणि काही आठवड्यांत. लांब मिशांच्या काही नाकतोड्यांत नर मीलनाच्या वेळी मादीला शुक्राणूंसोबत खाण्याजोगी पिशवी देतो. मॉर्मन क्रिकेट या जातीत ती नराच्या वजनाच्या जवळपास पावपट भरू शकते. डॅरिल ग्विन यांनी १९८१ मध्ये नोंदवलं, की दाटी असून अन्न कमी असलेल्या ठिकाणी माद्या नरांसाठी झुंजतात, आणि नर हलक्या माद्यांना नाकारून वजनदार, म्हणजे जास्त अंडी असलेल्या, निवडतात. ऑस्ट्रेलियातल्या एका परागभक्षी नाकतोड्यावर ग्विन आणि सिमन्स यांनी १९९० मध्ये प्रयोग केला. अन्न तुटपुंजं ठेवलं तेव्हा नराची पिशवी मौल्यवान झाली आणि माद्या चढाओढ करू लागल्या. अन्न मुबलक दिलं तेव्हा नर पुन्हा चढाओढीत उतरले आणि माद्या निवड करू लागल्या.